लहान ट्रॅक्टरसाठी मशागतीची अवजारे कशी निवडावीत

या लेखात लहान ट्रॅक्टर म्हणजे साधारणपणे 15 ते 30 अश्वशक्तीचा आणि सातशे ते तेराशे किलो वजनाचा ट्रॅक्टर असे गृहीत धरले आहे. असा ट्रॅक्टर नव्याने घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘एवढ्या एचपीला किती फाळांचा नांगर चालेल?’ असा असतो. प्रश्न रास्त असला तरी अपुरा आहे, कारण इंजिनाची ताकद मातीपर्यंत दोन वेगवेगळ्या वाटांनी पोहोचते. एक वाट चाकांची, म्हणजे ओढीची आणि दुसरी पीटीओची, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याची. ओढ ही इंजिनापेक्षा चाकांवरच्या वजनावर अधिक अवलंबून असते आणि लहान ट्रॅक्टरकडे नेमके वजनच कमी असते. पीटीओच्या वाटेने मात्र त्याची बरीचशी ताकद कामी येते. म्हणून ओढून चालणारी अवजारे अरुंद व मोजकी घ्यावीत आणि फिरून चालणारे अवजार, म्हणजे रोटाव्हेटर, ताकदीच्या मानाने पुरेसे रुंद घ्यावे, पण ते हाताशी आहे म्हणून दर वेळी जुंपू नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका मताभोवती फिरतात.

पहिली पायरी : जमीन पाहणे

अवजारांची यादी हातात घेण्यापूर्वी शेतात दोन-तीन ठिकाणी कुदळ-फावड्याने सुमारे 45 सेंटीमीटर खोल खड्डा घ्यावा. खड्ड्याची एक बाजू उभी कापून तिच्याकडे नीट पाहावे. वरची भुसभुशीत माती किती खोल आहे, तिच्याखाली चकचकीत किंवा पापुद्र्यासारखा कडक थर आहे का, मुळे सरळ खाली गेली आहेत की एका पातळीवर येऊन आडवी वळली आहेत, आणि दगडगोटे किती आहेत, एवढे या खड्ड्यातून कळते. मुळे 12 ते 20 सेंटीमीटरच्या दरम्यान आडवी वळलेली दिसली, तर वर्षानुवर्षे एकाच खोलीवर मशागत झाल्याने तेथे कडक थर तयार झाला आहे असे समजावे. खड्डे घेण्याचा कंटाळा असेल, तर बोटभर जाडीची, टोक काढलेली लोखंडी सळई ओल्या जमिनीत हाताने दाबून पाहावी. ती सहज जाता जाता एकाच खोलीवर सगळीकडे अडू लागली, तरी निष्कर्ष तोच निघतो. कोरड्या जमिनीत मात्र ही परीक्षा फसवी ठरते, कारण वाळलेली चिकण माती सगळीकडेच सळई अडवते.

मातीच्या जातीवरून पुढचा निम्मा निर्णय होतो. रेताड व पोयट्याच्या जमिनीला फार ओढ लागत नाही, तेथे हलकी फणांची अवजारे पुरतात. भारी चिकण जमीन वाफशावर, म्हणजे ना फार ओली ना फार कोरडी, असताना सुरेख फुटते, पण ओली असताना अवजाराला चिकटते आणि वाळल्यावर तिची मोठाली ढेकळे निघतात. तेथे अवजाराइतकेच कामाच्या वेळेला महत्त्व असते. मुरमाड व गोटे असलेल्या जमिनीत स्प्रिंगचे फण असलेले किंवा दगडावरून गडगडत पुढे जाणारे तव्यांचे अवजार टिकते, घट्ट बसवलेला फाळ मोडतो किंवा वाकतो.

तण कोणते आहे हेही येथेच पाहून ठेवावे. हराळी आणि लव्हाळा यांचा प्रादुर्भाव असलेल्या शेतात फिरत्या पात्यांचे अवजार वापरल्यास हराळीच्या काड्यांचे तुकडे आणि लव्हाळ्याच्या गाठी शेतभर पसरतात, आणि त्यांतून पुन्हा तण उगवते. अशा शेतात खालून मुळे उकरून उन्हात टाकणारी फणांची अवजारे बरी. मागच्या पिकाची धसकटे व काडीकचरा किती उरतो, शेताला उतार किती आहे, आणि कोपऱ्यांत वळायला किती जागा मिळते, या गोष्टीही वहीत लिहून ठेवाव्यात, कारण लांबलचक अवजार चिंचोळ्या तुकड्यात निम्मा वेळ वळण्यातच घालवते.

दुसरी पायरी : ट्रॅक्टरची कुंडली

ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतून पाच गोष्टी काढाव्यात : पीटीओची अश्वशक्ती, एकूण वजन आणि त्यातले पुढच्या-मागच्या धुरीवरचे (एक्सलवरचे) वजन, लिफ्टची उचलण्याची क्षमता, तीन बिंदूंच्या जोडणीचा (अवजार ज्यांवर बसते ते खालचे दोन बाहू आणि वरची टॉप लिंक) वर्ग, आणि मागच्या चाकांमधले अंतर.

बॉनेटवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. पीटीओवर तिच्यातली साधारण 85 टक्के मिळते, आणि मऊ शेतात ओढीच्या रूपात निम्म्याच्या आसपासच उरते. म्हणून अवजाराच्या माहितीपत्रकात ‘25 एचपीसाठी’ असे लिहिले असेल, तर तो आकडा इंजिनाचा आहे की पीटीओचा, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे.

जोडणीच्या बाबतीत बहुतेक लहान ट्रॅक्टर पहिल्या वर्गात मोडतात. या वर्गात खालच्या दोन बाहूंच्या पिनांचा व्यास 22 मिलिमीटर आणि वरच्या टॉप लिंकच्या पिनेचा 19 मिलिमीटर असतो. मोठ्या ट्रॅक्टरांच्या दुसऱ्या वर्गात हेच आकडे अनुक्रमे 28 आणि 25 मिलिमीटर आहेत. मोठ्या ट्रॅक्टरचे जुने अवजार स्वस्तात मिळते म्हणून घेतले आणि बुश घालून पिना जमवल्या, तरी बाहूंमधले अंतर आणि अवजाराचे वजन जमवता येत नाही. पिनांचा फरक हा आपला वर्ग सोडून चालल्याचा इशारा समजावा.

लिफ्टचा आकडा वाचताना तो कोणत्या ठिकाणी मोजला आहे हे पाहावे. बाहूंच्या टोकाशी मोजलेली क्षमता नेहमी मोठी दिसते, आणि टोकाच्या 610 मिलिमीटर मागे मोजलेली कमी असते. अवजाराचे वजन प्रत्यक्षात बाहूंच्या मागेच असल्याने आपल्या कामाचा आकडा दुसरा. अवजाराचा गुरुत्वमध्य जितका मागे, तितका लिफ्टवर आणि पुढच्या धुरीवर ताण जास्त. दोन अवजारे सारख्याच वजनाची असली, तरी आखूड व ट्रॅक्टरला चिकटून बसणारे अवजार लहान ट्रॅक्टरला सोपे जाते.

पुढची चाके हलकी होण्याचा हिशेब नवख्यांकडून हमखास राहून जातो. समजा ट्रॅक्टर 1000 किलोचा आहे, त्यापैकी 400 किलो पुढच्या धुरीवर आहेत, आणि दोन धुऱ्यांमध्ये 1.5 मीटर अंतर आहे. त्याला 300 किलोचे अवजार जोडले आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या धुरीच्या 1.2 मीटर मागे आला, तर अवजार उचलताच पुढच्या धुरीवरचे 300 गुणिले 1.2 भागिले 1.5, म्हणजे 240 किलो कमी होतात आणि तेथे केवळ 160 किलो उरतात. स्टिअरिंग हाती राहण्यासाठी पुढच्या धुरीवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान 20 टक्के, म्हणजे येथे 200 किलो, वजन हवे. हे अवजार उचलून बांध ओलांडताना पुढची चाके उचलली जाण्याची आणि ट्रॅक्टर न वळण्याची भीती असते. पुढच्या धुरीच्या 40 सेंटीमीटर पुढे 32 किलोच्या आसपास वजने लावली, तर तूट भरून निघते, आणि चढ-उतारासाठी त्याहून थोडी जास्त लावलेली बरी. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो, म्हणून अवजाराचे पैसे देण्यापूर्वीच करून घ्यावा.

तिसरी पायरी : ओढीचा अंदाज

नांगराला लागणारी ओढ काढण्यासाठी तासाची, म्हणजे नांगराने पडणाऱ्या सरीची, रुंदी आणि खोली यांचा सेंटीमीटरमध्ये गुणाकार करून त्याला मातीच्या प्रतिकाराने गुणायचे असते. हा प्रतिकार हलक्या जमिनीत दर चौरस सेंटीमीटरला 0.2 ते 0.3 किलो, मध्यम जमिनीत 0.5 किलोच्या आसपास, आणि भारी जमिनीत 0.8 किलो किंवा त्याहूनही अधिक धरतात.

30 सेंटीमीटर रुंदीचा एक फाळ 20 सेंटीमीटर खोल चालवला, तर कापले जाणारे क्षेत्र 600 चौरस सेंटीमीटर होते. मध्यम जमिनीत त्याला 300 किलो ओढ लागेल आणि भारी जमिनीत 480 किलो. आता ट्रॅक्टर किती ओढेल ते पाहू. 1000 किलोच्या, फक्त मागची चाके ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या धुरीवर 600 किलो असतात. नांगर मातीत असताना त्याचा काही भार मागच्या चाकांवर येतो, तो धरून 750 किलो म्हणू. नांगरण्याजोग्या जमिनीत रबरी चाके त्यांच्यावरच्या वजनाच्या 40 ते 50 टक्के ओढ देतात, म्हणजे येथे 300 ते 375 किलो. मध्यम जमिनीत एक फाळ निभावतो, भारी जमिनीत चाके जागीच फिरू लागतात, आणि दोन फाळांचा विचार भारीत तर नाहीच, मध्यमातही करू नये.

अश्वशक्तीच्या भाषेत हाच हिशेब चकित करणारा आहे. ओढीचे किलो गुणिले ताशी वेग भागिले 270 केले, की ओढीची अश्वशक्ती मिळते. 300 किलो ओढ ताशी 4 किलोमीटर वेगाने म्हणजे जेमतेम साडेचार अश्वशक्ती. चाकांची घसरण (जागीच फिरणे) आणि त्यांचा रोध धरून इंजिनाकडून याच्या दुप्पट मागणी झाली, तरी 25 अश्वशक्तीच्या इंजिनाची बरीच ताकद शिल्लकच राहते. कमी पडते ते वजन. ‘इंजिनात दम आहे, मग नांगर का ओढत नाही?’ या तक्रारीचे उत्तर येथे आहे.

भारी जमिनीत तोच ट्रॅक्टर वापरायचा असेल, तर 25 सेंटीमीटर रुंदीचा फाळ 15 सेंटीमीटर खोलीवर घ्यावा. ओढ पुन्हा 300 किलोवर येते. चारही चाके ओढणाऱ्या ट्रॅक्टरात सगळे वजन ओढीला लागत असल्याने थोडी अधिक मोकळीक मिळते. मागच्या टायरांत पाणी भरून किंवा चाकांना लोखंडी वजने लावून ओढ वाढवता येते, पण ते वजन पुढे पेरणीच्या वेळी माती दाबायलाही हजर असते, म्हणून नांगरट संपताच उतरवावे.

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला ड्राफ्ट कंट्रोल आहे की केवळ पोझिशन कंट्रोल, हेही पाहावे. ड्राफ्ट कंट्रोलमध्ये जमीन कडक लागून ओढ वाढली, की लिफ्ट अवजार किंचित वर घेते आणि त्याचा भार मागच्या चाकांवर येतो. हॅरी फर्ग्युसन यांनी तीन बिंदूंची जोडणी आणि हे नियंत्रण एकत्र आणले आणि 1936 पासून विकल्या गेलेल्या त्यांच्या ट्रॅक्टरने हलक्या यंत्रालाही नीट नांगरता येते हे दाखवले. पोझिशन कंट्रोल अवजाराची उंची ट्रॅक्टरच्या मानाने स्थिर ठेवते. फक्त तेवढेच असलेल्या ट्रॅक्टरवर नांगराला खोलीचे चाक असणे फार सोयीचे ठरते.

चौथी पायरी : नांगर घ्यावा का, आणि कोणता

माती उलटवणाऱ्या नांगराचे काम धसकटे व तण गाडणे आणि खालची माती वर आणणे हे आहे. ते दर हंगामात गरजेचे असतेच असे नाही. खड्ड्यात कडक थर दिसला नसेल आणि काडीकचरा फार नसेल, तर फणांच्या अवजारावर वर्षे निघतात. शेत लहान असेल, तर दोन-तीन वर्षांतून एकदा मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने नांगरून घेणे आणि आपल्या लहान ट्रॅक्टरवर हलकी मशागत करणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो, असे माझे मत आहे. वेळेचा हिशेबही याच बाजूने आहे. अवजाराची रुंदी मीटरमध्ये, वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि कामाची कार्यक्षमता यांचा गुणाकार करून 10 ने भागले, की ताशी हेक्टर मिळतात. 30 सेंटीमीटरचा एक फाळ, ताशी 4 किलोमीटर, 75 टक्के कार्यक्षमता, म्हणजे ताशी 0.09 हेक्टर; एका हेक्टरला सुमारे अकरा तास.

तरीही नांगर घ्यायचाच असेल, तर साधा आणि पलटी असे दोन पर्याय आहेत. साधा नांगर माती एकाच बाजूला टाकतो. त्यामुळे शेत भागाभागांत नांगरावे लागते, मध्ये वरंबा किंवा चर उरतो आणि शेताची समपातळी बिघडते. पलटी नांगर तासाच्या टोकाला उलटवून माती पुन्हा त्याच बाजूला टाकता येते, उतारावर ती चढाच्या बाजूला टाकून माती वाहणे थोडे आवरता येते, आणि रिकाम्या फेऱ्या वाचतात. मात्र त्यात फाळांचे दोन संच असल्याने वजन बरेच वाढते, म्हणून दुसऱ्या पायरीतला हिशेब येथे पुन्हा मांडावा. लहान ट्रॅक्टरला एकफाळी पलटी नांगर हीच मर्यादा मानावी. तो हायड्रॉलिकने पलटणारा असेल, तर ट्रॅक्टरला त्यासाठी बाहेरचा तेलाचा व्हॉल्व्ह आहे का ते तपासावे. नसल्यास हाताने दांडा ओढून पलटणारा नांगर मिळतो.

तव्यांचा नांगर कोरड्या, कडक, दगडाळ किंवा चिकट जमिनीत उपयोगी पडतो, पण फाळ मातीत स्वतःच्या आकारामुळे खाली खेचला जातो, तसे तव्याचे नसते. तो स्वतःच्या वजनाने रुततो, म्हणून या नांगराला जड असणे भाग आहे आणि म्हणूनच लहान ट्रॅक्टरशी त्याचे जमत नाही.

खोल कडक थर फोडणारा सबसॉयलर लहान ट्रॅक्टरच्या आवाक्याबाहेर समजावा. एकाच फणाचा चिझल नांगर 25 ते 30 सेंटीमीटरपर्यंत चालवता येतो, पण खालची माती कोरडी असतानाच. ओलीत तो फण नुसती चीर पाडतो, थर तडकत नाही.

पाचवी पायरी : फणांची व तव्यांची अवजारे

लहान ट्रॅक्टरवाल्याने घ्यायचे पहिले अवजार कोणते, असे विचारले तर माझे उत्तर पाच फणांचा कल्टिव्हेटर हे आहे. नांगरटीनंतर ढेकळे फोडणे, तण उपटणे, पावसानंतर बसलेली जमीन मोकळी करणे, शेणखत मातीत मिसळणे आणि फण सरकवून ओळींमधली आंतरमशागत करणे, एवढी कामे तो करतो. त्यात बिघडण्यासारखे जवळजवळ काही नसते. स्प्रिंगचे फण दगड लागला की मागे जाऊन परत येतात, म्हणून मुरमाड जमिनीत ते घ्यावेत. कडक जमिनीत मात्र ते मागे दबून खोली सोडतात आणि तेथे घट्ट फण चांगले. टोकांना लागणारी पाती दोन्ही बाजूंनी वापरता येतील अशी घेतली, तर एक बाजू झिजल्यावर उलटवता येतात. तण कापायचे असेल, तर अरुंद पात्यांऐवजी रुंद पंखांची पाती लावावीत.

फणांची संख्या ठरवताना दुकानातल्या सांगण्यापेक्षा शेतातली खोली महत्त्वाची. वरवर 7-8 सेंटीमीटरवर चालणारे सात फण ज्या ट्रॅक्टरला जड वाटत नाहीत, त्याला 15 सेंटीमीटरवर पाचही जड होतात. चौकटीवर फण सरकवण्याची व काढण्याची सोय असेल तर सात फणांची चौकट घेऊन कडक जमिनीत दोन फण काढून ठेवता येतात. फण काढताना दोन्ही बाजूंचे सारखे काढावेत, नाहीतर अवजार एका अंगाला ओढते.

ट्रॅक्टरचा वखर, म्हणजे आडव्या पात्याचा कुळव, वरची चार-पाच सेंटीमीटर माती मोकळी करतो, तण मुळाशी कापतो आणि ओल खाली राखतो. भारी जमिनीत पेरणीपूर्वी हे अवजार फार कामाचे, आणि ओढही माफक.

तव्यांच्या कुळवात तव्यांच्या रांगा चालीच्या दिशेशी तिरक्या लावलेल्या असतात. हा कोन वाढवला की कुळव खोल जातो आणि ओढ वाढते. धसकटे कापायची असतील तर निदान पुढच्या रांगेत दातेरी कडांचे तवे हवेत. तो चांगला चालतो तो वजनाच्या जोरावर, त्यामुळे लहान ट्रॅक्टरला झेपणारा हलका कुळव कडक जमिनीवरून नुसता फिरत जातो. काडीकचरा पुष्कळ असेल तरच याचा विचार करावा, एरवी कल्टिव्हेटरवर भागते.

सहावी पायरी : रोटाव्हेटर

रोटाव्हेटर म्हणजे पीटीओच्या ताकदीने फिरणाऱ्या पात्यांनी माती फोडणारे अवजार. 1912 मध्ये ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने वडिलांच्या शेतावर इंजिनाच्या ताकदीने फिरणाऱ्या मशागतीचे प्रयोग केले. सुरुवातीच्या रचनेत माती बाजूला फेकली जात होती. ‘एल’ आकाराची पाती लावल्यावर ती अडचण सुटली, आणि आजही बहुतेक रोटाव्हेटरांना तीच पाती असतात. फिरणारा रोटर चाकांच्याच दिशेने फिरत असल्याने ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. ओढ लागत नाही, उलट थोडी मिळते. म्हणूनच कमी वजनाच्या ट्रॅक्टरला हे अवजार इतके मानवते. कडक जमिनीवर मात्र तो ट्रॅक्टरला पुढे उसळवू शकतो, म्हणून पहिली फेरी उथळ आणि सावकाश घ्यावी.

रुंदीसाठी ढोबळ नियम असा की दर मीटर रुंदीला इंजिनाची 25 ते 30 अश्वशक्ती धरावी. 25 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला एक मीटरच्या आसपासचा रोटाव्हेटर शोभतो. जमीन भारी असेल तर त्याहून अरुंद घेतलेला चांगला. रुंदीच्या मोहात पडून मोठा घेतला, तर इंजिन दबते, फेरे कमी होतात आणि एका फेरीचे काम दोन फेऱ्यांत होते.

माती किती बारीक होईल हे वेग ठरवतो. ताशी 3 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 50 मीटर. रोटर मिनिटाला 200 फेरे घेत असेल आणि प्रत्येक चकतीच्या एका बाजूला तीन पाती असतील, तर प्रत्येक पाते सुमारे 8 सेंटीमीटरचा घास घेते. वेग निम्मा केला तर घास 4 सेंटीमीटरवर येतो आणि माती पिठासारखी होऊ लागते. पिठासारखी माती दिसायला सुंदर असते, पण पहिल्या जोरदार पावसात ती बसते आणि वर पापडी धरते, मग उगवण अडते. मागचा पत्रा वर उचलला की माती जाडसर राहते, खाली सोडला की बारीक होते. बी लहान असेल, तर ते पडते तेवढ्याच पट्ट्यात बारीक माती हवी, बाकी ठिकाणी बोराएवढी ढेकळे राहिलेली चालतात.

पाती दर वेळी 10 ते 15 सेंटीमीटरच्या एकाच पातळीवर मातीला घासून जातात, आणि ओलसर चिकण जमिनीत तेथे गुळगुळीत थर बसतो. पहिल्या पायरीत खड्ड्यात दिसलेला थर पुष्कळदा असाच तयार झालेला असतो. म्हणून रोटाव्हेटर असला, तरी मुख्य मशागत फणांनी करून शेवटच्या फेरीलाच तो लावावा.

घेताना रोटरला फिरवणारा कडेचा गतिवाहक गिअरचा आहे की साखळीचा ते पाहावे. साखळीचा हलका असतो आणि मऊ जमिनीत टिकतो, गिअरचा जड पण कडक जमिनीचे धक्के सोसणारा. दगड लागल्यास तुटणारा शिअर बोल्ट किंवा घसरणारा क्लच असल्याशिवाय रोटाव्हेटर घेऊ नये, कारण नाहीतर तो धक्का थेट ट्रॅक्टरच्या गिअरपेटीपर्यंत जातो. ओल्या चिकट जमिनीत ‘सी’ आकाराची पाती कमी अडकतात आणि कमी ताकद घेतात.

सातवी पायरी : चाकांची पट्टी आणि अवजाराची रुंदी

मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरील कडांमधले अंतर मोजावे. टायरांच्या मध्यांतले अंतर 100 सेंटीमीटर आणि टायरची रुंदी 24 सेंटीमीटर असेल, तर बाहेरून बाहेर 124 सेंटीमीटर होते. एक मीटरचा रोटाव्हेटर मधोमध लावला, तर दोन्ही अंगांना 12 सेंटीमीटर दाबलेली पट्टी न फिरवता राहते. तो एका बाजूला सरकवून लावण्याची सोय असेल, तर निदान एका चाकाची खूण पुसली जाते आणि दुसरी पुढच्या फेरीत येते. ती सोय नसेल, तर चाके आत घेता येतात का ते पाहावे. कल्टिव्हेटरचे दोन फण बरोबर टायरांच्या मागे येतील असे बसवावेत. एका फाळाच्या नांगराला चाकांमधले अंतर कमी असलेले चांगले, कारण रुंद चाकांमुळे ओढीची रेषा ट्रॅक्टरच्या मध्यापासून दूर जाते आणि ट्रॅक्टर सारखा एका बाजूला खेचला जातो.

आठवी पायरी : विकत घेण्यापूर्वी हात लावून पाहणे

नवे अवजार असेल, तर वेल्डिंगच्या रेषा सलग आहेत का, चौकटीचा पाईप पुरेसा जाड आहे का, आणि झिजणारे भाग, म्हणजे फाळ, पाती, बेअरिंग, सील, जवळपास मिळतात का, हे तीन प्रश्न पुरे. पात्यांच्या बोल्टची भोके सर्रास मिळणाऱ्या मापाची आहेत याची खात्री करावी, नाहीतर पुढे प्रत्येक पात्यासाठी एकाच ठिकाणी जावे लागते.

जुन्या अवजाराला अधिक वेळ द्यावा. चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. फरक आला तर चौकट वाकलेली आहे. पिनांची भोके लंबगोल झाली आहेत का ते पाहावे. रोटर हाताने फिरवून तो डगमगतो का, खरखर आवाज येतो का, आणि गिअरपेटीच्या सीलपाशी तेल ओघळले आहे का ते तपासावे. तव्यांना धरून हलवले असता खेळ जाणवला, तर बेअरिंग गेलेले असते. ताजा रंग दिसला की त्याखाली वेल्डिंगचे ठिगळ शोधावे.

नववी पायरी : जोडणी आणि शेतातली चाचणी

सपाट जागी अवजार जोडताना आधी डावा बाहू, मग उजवा, आणि शेवटी टॉप लिंक असा क्रम ठेवावा, कारण उजव्या बाहूची उंची हँडलने जुळवता येते. मागून पाहून चौकट आडवी समपातळीत आणावी. नंतर टॉप लिंक आखूड-लांब करून बाजूने पाहताना ती पुढे-मागे सरळ करावी. टॉप लिंक आखूड केली की नांगराचे टोक खाली झुकते व तो अधिक रुततो, लांब केली की टाच टेकते. बाजूच्या साखळ्या रोटाव्हेटरला ताणून, तर नांगराला थोड्या सैल ठेवाव्यात.

पीटीओचा दांडा पहिल्यांदा जोडताना त्याची लांबी मोजल्याशिवाय अवजार उचलू नये. सर्वांत जवळच्या स्थितीत दांडा टोकाला टेकता कामा नये, थोडी जागा उरलीच पाहिजे, आणि सर्वांत लांबच्या स्थितीतही दोन्ही नळ्या निदान एक-तृतीयांश एकमेकींत राहिल्या पाहिजेत. लांब असल्यास दोन्ही नळ्या व त्यांची आच्छादने सारखीच कापावीत. दोन्ही टोकांच्या सांध्यांचे दुबेळे (योक) एका रेषेत नसतील, तर दांडा थरथरतो आणि सांधे लवकर जातात. पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांचा आहे याची खात्री करावी, आच्छादन न काढता काम करावे, सैल कपडे घालू नयेत, आणि पात्यांत अडकलेले गवत काढण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी. उचललेल्या अवजाराखाली हात घालायचा असेल, तर आधी लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा, कारण हायड्रॉलिकवर विसंबणे धोक्याचे आहे. अडकलेले काहीही टॉप लिंकच्या जागेला दोरी बांधून ओढू नये, त्याने ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

चाचणी वाफशावर घ्यावी. कामाच्या खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकावा. तो फुटला तर जमीन तयार आहे, चपटा झाला तर अजून थांबावे.

शेवटी घसरण मोजावी. मागच्या टायरवर खडूने खूण करून अवजार वर उचललेले असताना चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पुढे जातो ते मोजावे, आणि नंतर अवजार कामाच्या खोलीवर असताना तसेच मोजावे. पहिले अंतर 32 मीटर आणि दुसरे 27.5 मीटर आले, तर घसरण 14 टक्के झाली. 10 ते 15 टक्के घसरण योग्य असते. त्याहून कमी आली, तर अवजार थोडे खोल किंवा रुंद चालवायला वाव आहे, किंवा चाकांवर लावलेली वजने काढता येतील. 20 टक्क्यांच्या पुढे गेली, तर आधी खोली कमी करून पाहावी, मग एखादा फण काढावा, टायरांतली हवा पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत कमी करावी, आणि एवढे करूनही आकडा खाली आला नाही, तरच वजने वाढवण्याकडे वळावे. ही मोजणी दर अवजारासाठी वेगळी करून खोली, गिअर आणि घसरण त्या त्या अवजाराच्या नावापुढे वहीत लिहावी, म्हणजे पुढच्या हंगामात ट्रॅक्टर त्याच गिअरमध्ये आणि त्याच खोलीवर थेट कामाला लावता येतो.